गुणाची पेशंट

“अगं ए, कुणाची लेक गं तू? अख्खा दवाखाना डोक्यावर घेतलास. नवऱ्याजवळ जाताना बरी ओरडली नाहीस ती,” सुंद्रामावशी म्हणाली आणि समोरच्या खाटेवरच्या पोरीच्या मांडीवर तिनं फाडदिशी एक चापट दिली.

पोरगी अठरा-एकोणीसची असेल. चापटीनं ती गप्प झाली नाही, उलट “आई मेले” म्हणून आणखी मोठ्यानं किंचाळली. मावशीनं कान दिला, क्षणभर नीट ऐकलं आणि म्हणाली, “चल, ऊठ. आली वेळ.” मग तिला काखेत धरून हिरव्या पडद्यापलीकडं घेऊन गेली. थोड्या वेळानं तिकडून बाळाचं रडणं ऐकू आलं.

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली ही गोष्ट. वीस-बावीस वर्षं झाली असतील. सातव्या महिन्यात माझं बीपी वाढलं म्हणून मला गरोदर बायांच्या वॉर्डात आणून टाकलेलं. काम काही नाही, नुसतं पडून राहायचं. घरी शिलाई मशिनीवर दिवसभर ब्लाउज शिवणारी बाई मी, मला असं निजवून ठेवलं म्हणजे शिक्षाच. त्यात स्वभाव भोचक. माझी आई म्हणायची, दुसऱ्याच्या चुलीत काय शिजतंय ते कळल्याशिवाय विजीला स्वतःच्या घरचा घास गिळत नाही. खोटं नाही. वॉर्डात कोण आली, कुठली, कितवी खेप, सासू कशी, सगळं मला पाठ झालं होतं.

आणि मावशीची रीतही मला पाठ झाली होती. सुंद्रामावशी आया. सिस्टर एक आणि वॉर्ड दोन, त्यामुळं सिस्टर सदा पळत. कळा येणाऱ्या बायांवर लक्ष मावशीचं, आणि ते लक्ष कानानं. जिन्यात बसून तंबाखू मळता मळता ती ऐकायची. नुसतं “आई गं” असलं तर अजून पुष्कळ वेळ. “मेले मेले” सुरू झालं की निम्मी वाट सरली. मग एक वेगळाच, खालून पोटातून आल्यासारखा आवाज यायचा. तो आला की मावशी तंबाखू तोंडात टाकून उठायची. क्वचितच चुकायची. मात्र ओरडणारीला शिव्या दिल्याशिवाय तिनं कधी पडद्याआड नेलं नाही. तो जणू मानच होता तिचा.

खरमाटे सिस्टर तशा हात उचलायच्या नाहीत. त्यांचं तोंडच पुरे व्हायचं. उंच, सडसडीत बाई, चष्म्याची दोरी गळ्यात. “ओरडायचं असेल तर घरी जाऊन ओरड, इथं बाकीचे पेशंट आहेत,” असं एकदा म्हणाल्या की भल्याभल्या बायका ओठ आवळायच्या.

हौसा आली ती सकाळची. खडीक्रशरवर काम करणाऱ्या माणसाची बायको, अंगानं काटकुळी, रंग उन्हानं रापलेला, कपाळावर हिरवं गोंदण. बरोबर सासू. सासूला रिवाजाप्रमाणं बाहेर व्हरांड्यात बसवलं आणि हौसाला माझ्या शेजारची खाट दिली. मला बरंच वाटलं. नवीन माणूस म्हणजे नवीन गोष्ट.

सिस्टरनं तपासलं. “कितवी खेप?”

“दुसरी.”

“पहिलं काय आहे?”

“गेलं.”

सिस्टरनं मान हलवली आणि हातमोजे काढले. “अजून वेळ आहे. पडून राहा. आणि हे बघ, आरडाओरडा चालणार नाही.”

हौसानं शाळेतल्या पोरीसारखी मान डोलावली. तेवढंच काय ते तिचं बोलणं. नंतर बाईच्या तोंडून शब्द फुटेना.

मी आपली विचारत राहिले. “कुठलं गाव?” “माहेर कुठलं?” ती नुसती हसायची, तेही अर्धवट. “दुखतंय का गं?” तर मान नाही म्हणून हलवायची. पण मला दिसत होतं ना. कळ आली की ती खाटेच्या डोक्याकडची लोखंडी दांडी धरायची, पदराचा बोळा दातात घ्यायची आणि पायाची बोटं अशी वळायची की नखं पांढरी पडायची. कपाळावर घाम. कळ गेली की बोळा काढून, पदर नीट करून पुन्हा सरळ निजायची. आवाज म्हणून नाही.

“बघा जरा, बघा,” मावशी बाकीच्या बायांना सांगू लागली. “ही पण बाईच आहे. कशी गुमान पडलीय. गुणाची पेशंट. शिका काहीतरी हिच्याकडनं.”

सिस्टरही जाता जाता म्हणाल्या, “शाब्बास. अशा सगळ्या असल्या तर आम्हाला काय हवं?”

मला मात्र चैन पडेना. कळा सोसताना बाई ओरडणार नाही म्हणजे काय? मी पलीकडच्या सुमनला विचारलं. ती म्हणाली, “नवस असंल. मौन धरलं असंल.” तिच्या पलीकडची म्हणाली, “त्यांच्यात ओरडत नाहीत, लाज समजतात.” एकीनं तर सरळ निकाल दिला की ती मुकी आहे. आता मुकी कशी असेल? सिस्टरला उत्तर दिलं होतं की तिनं. आमची ती चर्चा हौसाला ऐकू जात असणार, पण ती डोळे मिटून पडली होती.

शेवटी मी चप्पल घातली आणि व्हरांड्याच्या खिडकीशी गेले. तिची सासू गजापाशी उकिडवी बसून भाकरीचा तुकडा मोडत होती.

“आजी, तुमची सून बोलत का नाही हो?”

“कशाला बोलंल?” म्हातारीनं वर पाहिलंच नाही. “पयलं पोर खाल्लं तिनं. आता ह्या बारीला जितं पोर हातात दिलं तर बरं, न्हाई तर माझ्या ल्योकाला दुसरी बगून ठेवलीया. माझ्या भावाची नात हाय. सांगून ठेवलंय तिला.”

“खाल्लं म्हणजे?”

“त्वांडानं खाल्लं,” म्हातारी म्हणाली आणि भाकरीचं फडकं उचलून लांब जाऊन बसली.

मी परत आले ती डोक्यात भुंगा घेऊनच. तोंडानं पोर कसं खातात? शिव्याशाप दिले असतील? खायला नको ते खाल्लं असेल? पण एक गोष्ट मला कळली. ह्या बाईचं घर आज ह्या खाटेवर टांगलेलं आहे. पोर हाती आलं तर संसार, नाहीतर सवत.

दुपारी दवाखाना सुस्तावतो. त्या दिवशी एक सिझर निघालं म्हणून डॉक्टर मॅडम थेटरात गेल्या आणि खरमाटे सिस्टरलाही त्यांनी आत बोलावून घेतलं. मावशी डबा घेऊन जिन्यात बसली. वॉर्डात पंख्याची घरघर तेवढी.

मी कुशीवर वळले तर शेजारची खाट रिकामी. खाली पाहिलं. हौसा फरशीवर उकिडवी बसली होती, खाटेच्या पायाला दोन्ही हातांनी मिठी मारून. पदराचा बोळा तोंडात इतका कोंबलेला की गाल फुगलेले. डोळे बाहेर यायला आलेले. आणि खाली सगळं पाणी पाणी झालेलं, त्यात लाल.

“अगं बाई,” मी उठले. “थांब, मावशीला बोलावते.”

तिनं माझं मनगट धरलं. काय ती पकड, नंतर मनगटावर वळ उठले होते. बोळा जरासा काढून म्हणाली, “नगं, अक्का. त्या वरडतील.”

“वरडू देत की. तुझं पोर येतंय.”

तिनं पुन्हा मान हलवली आणि बोळा तोंडात घातला.

मी तिथूनच हाक मारली, “मावशी, अहो मावशी, इकडं या.”

जिन्यातून मावशीचा घास चावतानाचा आवाज आला. “काय झालं?”

“ह्या हौसाची वेळ आलीय.”

“ओरडतीय का?”

“नाही, पण—”

“मग वेळ कुठली यायला? मला ऐकू आलं नसतं होय? पड तू गप, तोडकरीण. तुझं बीपी वाढंल. दोन घास सुखानं खाऊ द्या की माणसाला.”

मी पुन्हा हाक मारली. ह्या वेळी उत्तरसुद्धा नाही. मला धावता येईना, पाय सुजून खांबासारखे झालेले, आणि मनगट तिच्या हातात. बाकीच्या बायका उठून बसल्या, पण मावशीच्या भीतीनं एक खाटेवरून उतरेना. मी खाली पाहिलं आणि मला डोकं दिसलं. काळं, ओलं. हौसाच्या घशातून तेव्हाही आवाज नव्हता, नुसती मान थरथरत होती.

मग मला काय सुचलं कोण जाणे. मी पोटावर हात धरला आणि ओरडले.

साधंसुधं नाही. इतके दिवस ऐकत पडले होते ना, त्यातलं शेवटचं, पोटातून येणारं जे असतं तसं ओरडले. माझं मलाच भ्या वाटलं. छतावरची कबुतरं उडाली.

दुसऱ्या क्षणाला मावशी दारात. हाताला कालवण तसंच. “तोडकरीण? तुझं तर अजून दोन महिने—”

मी बोटानं खाली दाखवलं.

मावशीचं तोंड उघडंच राहिलं. पण बाई कामाची, हे मी नाकारणार नाही. तशीच फरशीवर बसली, “सिस्टर, पळा” म्हणून अशी हाक मारली की थेटराचं दार उघडलं, आणि सिस्टर धावत येईतो पोर मावशीच्या पदरात आलं होतं. मुलगी. गळ्याभोवती नाळेचा वेढा. निळी-काळी. हालचाल नाही. सिस्टरनं वेढा सोडवला, नळीनं तोंडातलं ओढून काढलं, पाठ चोळली, तळपायावर टिचक्या मारल्या. वॉर्डातल्या सगळ्या बायका खाटांच्या कडेला येऊन उभ्या. हौसा खाटेच्या पायाला टेकून नुसती बघत होती. अजून तिच्या तोंडात पदर होता.

मग ती पोरगी रडली. आधी मांजराच्या पिलासारखी, मग चांगली दणदणीत. सुमन हुंदके देऊन रडायला लागली. मीही रडले, कशाला लपवू.

आणि खरमाटे सिस्टर हौसावर उखडल्या. “तोंड शिवलं होतं का तुझं? आणखी थोडा उशीर झाला असता तर पोर गेलं असतं. ओरडायला काय धाड भरली होती?”

सकाळी शाब्बास म्हणणारी हीच बाई. माझं डोकं असं तापलं की काय सांगू. मी म्हणाले, “सिस्टर, ओरडलं तरी शिव्या, नाही ओरडलं तरी शिव्या. बाईनं बाळंत व्हायचं तरी कसं तुमच्याकडं, ते एकदा फळ्यावर लिहून लावा.”

“तू गप्प बस, तोडकर. तुझं नाटक मी नंतर बघते,” त्या म्हणाल्या आणि हौसाला स्ट्रेचरवर घालून पडद्याआड घेऊन गेल्या. संध्याकाळी माझं बीपी घेतलं तर ते आणखी वर गेलेलं. त्याबद्दल वेगळी बोलणी खाल्ली.

रात्रभर माझ्या डोक्यात एकच. ही ओरडली का नाही? सकाळ झाली तशी मी घरून आलेल्या शिऱ्यातला निम्मा वाटीत काढला आणि पलीकडच्या बाळंतिणींच्या वॉर्डात गेले. शिरा हे निमित्त. हौसा पोरीला पाजत होती. काल मनगट धरणारी बाई ती हीच का, असं वाटावं इतकी शांत.

“खा,” मी म्हणाले. “आणि आता मला सांग. तू मुकी नाहीस, नवसही नाही. मग का तोंड दाबून बसलीस?”

तिनं शिऱ्याचे दोन घास खाल्ले. मग पोरीकडं बघतच हळू आवाजात म्हणाली, “पयल्या टायमाला लई वरडले, अक्का. हितंच. त्या पडद्याच्या आत. पोरगं निळं पडून आलं, रडलंच न्हाई. तवा सिस्टर म्हनली, तुझ्या बोंबलन्यानं पोराचा श्वास कोंडला. तूच मारलंस. सासू दारात हुती. तिनं ऐकलं.”

मला एकदम खिडकीतली म्हातारी आठवली. तोंडानं खाल्लं म्हणजे काय, ते आता कळलं.

“घरात समद्यास्नी तेच ठावं. मालकास्नी पन. म्हनून ठरवलं, ह्या बारीला मी मेले तरी चालंल, त्वांड उघडायचं न्हाई.”

“कोण सिस्टर म्हणाली?”

हौसा माझ्या मागं बघत होती. मी वळले. इंजेक्शनचा ट्रे घेऊन खरमाटे सिस्टर उभ्या होत्या. कधीपासून, देव जाणे.

“ओरडल्यानं पोर मरत नाही,” सिस्टर म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. “कुणाचंच मरत नाही. कळलं?”

“मग कशानं गेलं?” हौसानं विचारलं.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. इतकी वर्षं तिला दुसरं कुणी काही सांगितलंच नव्हतं.

सिस्टरनं ट्रे टेबलावर ठेवला. मग त्या हौसाच्या खाटेवर बसल्या. पेशंटच्या खाटेवर बसलेली सिस्टर मी त्या दवाखान्यात तेव्हाच पाहिली. चष्मा काढून त्या म्हणाल्या, “मला आठवत नाही गं. खरंच आठवत नाही. इतक्या बायका येतात. मी होते का तेव्हा?”

“तुमीच हुता.”

“मीच बोलले?”

“व्हय.”

सिस्टर पोरीच्या टोपऱ्याकडं बघत राहिल्या. “नाळेचा वेढा असेल. कालच्यासारखा. नाहीतर वेळेवर कुणी बघितलं नसेल. आम्हीच पोचलो नसू. काहीही असेल, पण तुझ्या ओरडण्यानं नाही. रागानं बोलून गेले असेन. आम्ही बोलतो तसं.”

“बोलता,” मी म्हणाले. माझ्यानं राहवलं नाही. सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं, पण मला गप्प केलं नाही.

मग त्या उठल्या, दाराशी गेल्या आणि भेटायची वेळ नसताना व्हरांड्यातल्या म्हातारीला आत बोलावलं. म्हातारी चपला हातात घेऊन घाबरत आली. पोरीला काही झालं की काय, असं तिला वाटलं असणार.

“आजी, मागच्या खेपेला तुमच्या सुनेनं पोर मारलं असं मी म्हणाले होते. ते खोटं आहे. ओरडल्यानं पोर जात नाही. चूक माझी आहे. तिला त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही.”

सगळा वॉर्ड ऐकत होता. म्हातारीनं सिस्टरकडं पाहिलं, हौसाकडं पाहिलं, मग नाकाला पदर लावून म्हणाली, “तरी मी मनात म्हनत हुते, वरडल्यानं कसं मरंल? माझी समदी बाळतपनं मी वरडूनच केली. समदी पोरं जगली. पन सिस्टर म्हनली म्हनल्यावर... शिकलेलं मानूस उगं कशाला बोलंल?”

म्हातारीचा राग करावा की कीव करावी, मला कळेना. स्वतःच्या पोटाचा अनुभव एका बाजूला आणि पांढऱ्या कपड्यातल्या बाईचा एक शब्द दुसऱ्या बाजूला, आणि जड झाला तो शब्द.

हौसा म्हणाली, “सिस्टर, एक करता? आमच्या मालकास्नी पन सांगा. सांजच्याला येत्यात. माझ्या बोलन्याव न्हाई इस्वास बसायचा. आत्तीबी सांगतील, पन तुमी सांगा.”

“सांगते,” सिस्टर म्हणाल्या आणि इंजेक्शन भरायला लागल्या.

त्यांची ड्युटी दुपारी संपायची. त्या दिवशी त्या घरी गेल्या नाहीत. दुसरी सिस्टर आली, चार्ज घेतला, तरी ह्या आपल्या साध्या साडीत, पर्स मांडीवर घेऊन व्हरांड्याच्या बाकावर बसून राहिल्या. मावशीनं चहा नेऊन दिला तो तसाच निवला. मी माझ्या वॉर्डाच्या खिडकीतून सगळं बघत होते. उठून तिकडं जावं असं दहादा मनात आलं, पण का कोण जाणे, त्या वेळी माझा भोचकपणा लुळा पडला.

दिवस कलला तसा तो आला. अंगावर, भुवयांवर खडीची पांढरी धूळ. हातात केळ्यांची पिशवी. सिस्टर उठून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. मला एक शब्द ऐकू आला नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. मध्येच त्यानं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. सिस्टरनं हात जोडल्यासारखं काहीतरी केलं, पर्स खांद्याला लावली आणि फाटकाकडं गेल्या. तो तिथंच उभा. किती वेळ उभा होता.

मग तो आत गेला, आणि मला काही राहवलं नाही. मी भिंत धरत धरत बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दाराशी गेले.

तो खाटेजवळ खाली फरशीवर बसला होता. पोरीकडं त्यानं अजून पाहिलंही नव्हतं. पिशवी पुढ्यात ठेवून, बायकोच्या पायांकडं बघत त्यानं विचारलं, “लई दुखलं का गं?”

हौसानं जरा वेळ त्याच्याकडं पाहिलं.

“व्हय,” ती म्हणाली. “लई दुखलं. दोनी बारीला.”